भगंदर : निदान, उपचार आणि नोंद

काही विकार असे असतात की, त्यांच्या वेदनेपेक्षा त्यांच्याविषयी बोलण्याचा संकोच रोग्याला अधिक छळतो. भगंदर हा त्यांपैकी एक होय. गुदद्वाराच्या कडेला एखादे गळू येते, दोन-चार दिवस ठणकते, फुटते आणि पू वाहून जाताच आराम पडतो. रोगी निश्चिंत होतो. काही आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा सूज येते, पुन्हा पू येतो, कपड्यांना डाग पडतात. घरी सांगण्याची लाज वाटते. मग कोणी त्याला उष्णतेचा विकार म्हणते, कोणी सरसकट मूळव्याध म्हणते. एस. टी. स्थानकाजवळच्या भिंतींवर तर "मूळव्याध, भगंदर : विनाऑपरेशन हमखास इलाज" अशा जाहिराती असतातच. अशा रीतीने दोन-चार वर्षे सहज निघून जातात आणि एका लहानशा शस्त्रक्रियेने बरा होणारा विकार गुंतागुंतीचा होऊन बसतो.

भगंदर क्वचितच प्राणावर बेततो. परंतु त्याच्या उपचारात घाई किंवा चूक झाली, तर मल आणि वायू रोखून धरण्याची शक्ती कायमची उणावू शकते आणि माणसाला चारचौघांत बसणे-उठणे अशक्य होते. म्हणूनच या रोगाच्या बाबतीत एक सूत्र ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. मार्ग नेमका कळल्यावाचून शस्त्र उचलू नये आणि जे कळले, जे केले, ते कागदावर नेमके उतरवावे. निदान, उपचार आणि नोंद ही येथे एकाच साखळीची तीन कडी आहेत.

प्राचीन काळापासून ज्ञात

सुश्रुतसंहितेत ज्या आठ विकारांना महागद, म्हणजे बरे होण्यास अतिशय कठीण असे रोग म्हटले आहे, त्यांत भगंदराची गणना आहे. गुदाजवळची सूज पिकून फुटेपर्यंत तिला पिडका म्हणावे आणि फुटून वाहू लागली की भगंदर म्हणावे, असा भेद तेथे केलेला आढळतो. आजच्या भाषेत गळू आणि भगंदर या एकाच विकाराच्या दोन अवस्था होत, हेच त्या भेदाचे तात्पर्य. सुश्रुताने शतपोनक, उष्ट्रग्रीव, परिस्रावी, शंबूकावर्त आणि उन्मार्गी असे पाच प्रकार सांगितले. चाळणीसारखी अनेक छिद्रे असलेला, उंटाच्या मानेसारखा, शंखाच्या वळणासारखा अशी ही नावे पाहिली की, मार्गाच्या आकाराला त्या काळीही किती महत्त्व दिले जात होते, हे दिसून येते.

युरोपातही हा रोग राजापासून रंकापर्यंत सर्वांना ठाऊक होता. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्यावर १८ नोव्हेंबर १६८६ रोजी शार्ल फ्रांस्वा फेलिक्स या शल्यवैद्याने भगंदराची शस्त्रक्रिया केली आणि ती यशस्वी झाली. फेलिक्सने तत्पूर्वी इतर रुग्णांवर ती करून हात बसविला होता. लंडनमध्ये १८३५ साली फ्रेडरिक सामन यांनी भगंदर आणि गुदाच्या इतर विकारांनी पीडित अशा गोरगरिबांसाठी एक लहान रुग्णालय काढले. पुढे सेंट मार्क्स या नावाने ते जगप्रसिद्ध झाले. आज भगंदराचे जे वर्गीकरण जगभर वापरले जाते, ते याच रुग्णालयातील कामातून निघाले.

रोग कसा उद्भवतो?

गुदनलिका ही सुमारे चार सेंटिमीटर लांबीची असते. तिच्याभोवती दोन परिसंकोची स्नायू असतात. मुठीने पिशवीचे तोंड आवळून धरावे, तसे हे स्नायू नलिका आवळून धरतात. आतील स्नायू आपल्या इच्छेवाचून सतत आवळलेला असतो आणि विश्रांतीच्या वेळी गुदद्वार मिटून ठेवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. बाहेरचा स्नायू आपल्या इच्छेने चालतो. शौचाची भावना झाली असता ती थोपवून धरता येते, ती याच्यामुळे.

गुदनलिकेच्या साधारण मध्यावर एक दंतुर रेषा असते. तिच्या खोबणींत काही सूक्ष्म ग्रंथींची तोंडे उघडतात. या ग्रंथी दोन्ही स्नायूंच्या मधल्या जागेपर्यंत पोचलेल्या असतात. एखाद्या ग्रंथीचे तोंड बुजून तिच्यात जंतुसंसर्ग झाला की, स्नायूंच्या मध्ये पू साठतो. पू वाट शोधीत खाली, बाजूला किंवा क्वचित वर सरकतो आणि अखेरीस त्वचेतून बाहेर पडतो. आतले मूळ छिद्र आणि त्वचेवरील छिद्र यांना जोडणारी ही जी नळी तयार होते, तीच भगंदर होय. आतून मलातील जंतू येतच राहतात. त्यामुळे बाहेरचे छिद्र वरवर भरून आले, तरी आतील दाह शमत नाही.

बहुसंख्य भगंदर अशा ग्रंथींच्या संसर्गातून होतात. परंतु क्षयरोग, क्रोन यांच्या नावाने ओळखला जाणारा आतड्याचा दीर्घकालीन दाह, इजा, किरणोपचार आणि क्वचित कर्करोग ही कारणेही असू शकतात. आपल्या देशात क्षयरोगाची शक्यता कधीही दृष्टिआड करता येत नाही. हा रोग स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक आढळतो आणि तोही बहुधा ऐन कामाच्या वयात, हे लक्षात घेतले म्हणजे कुटुंबाच्या मिळकतीवर त्याचा किती भार पडत असेल, याची कल्पना येईल.

साधा आणि गुंतागुंतीचा

सर ॲलन पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली ४०० रुग्णांच्या अभ्यासावरून भगंदराचे चार मुख्य प्रकार सांगितले. मार्ग दोन स्नायूंच्या मधूनच खाली उतरत असेल, तर तो पहिला प्रकार. सुमारे ४५ टक्के रुग्णांत तो आढळला. बाह्य स्नायूला आरपार छेदून जाणारा दुसरा प्रकार सुमारे ३० टक्के, स्नायूच्या वरून वळसा घेऊन उतरणारा तिसरा सुमारे २० टक्के आणि स्नायूंच्या पूर्णपणे बाहेरून थेट मलाशयाशी जोडलेला चौथा सुमारे ५ टक्के होता. अवघड रुग्ण ज्या रुग्णालयात पाठविले जात तेथील हे प्रमाण असल्यामुळे सामान्य रुग्णालयांत साध्या प्रकारांचा वाटा याहून अधिक असणे साहजिक आहे.

मार्ग उथळ असेल आणि स्नायूचा थोडाच भाग त्यात अडकला असेल, तर भगंदर साधा समजला जातो. बाह्य स्नायूचा सुमारे एकतृतीयांशाहून अधिक भाग मार्गाखाली येत असेल, मार्गाला फाटे फुटले असतील, घोड्याच्या नालासारखा तो दोन्ही बाजूंना पसरला असेल, एकदा शस्त्रक्रिया होऊनही तो उलटला असेल, अथवा क्षय किंवा क्रोनचा विकार मुळाशी असेल, तर तो गुंतागुंतीचा ठरतो. स्त्रियांमध्ये पुढच्या बाजूचा भगंदर याच वर्गात धरतात. त्या बाजूला मुळातच स्नायू कमी रुंदीचा असतो आणि बाळंतपणात त्याला इजा झालेली असण्याचाही संभव असतो.

निदान : आधी नकाशा

निदानाचा आरंभ रोग्याच्या हकीकतीपासून होतो. मूळव्याधीत बहुधा वेदनेवाचून रक्त पडते. गुदाला चीर पडली असता शौचाच्या वेळी कापल्यासारखी तीव्र वेदना होते. भगंदरात मात्र पू किंवा लसयुक्त स्राव, खाज आणि अधूनमधून सूज व ठणका ही लक्षणे प्रमुख असतात. हे तीन विकार निरनिराळे आहेत आणि त्यांचे उपचारही निरनिराळे आहेत.

त्यानंतर तपासणी. बाहेरचे छिद्र कोठे आहे, किती आहेत, गुदकडेपासून किती अंतरावर आहेत, हे पाहिले जाते. त्वचेखाली दोरीसारखा कठीण मार्ग बोटाला लागतो. जागा सांगण्यासाठी घड्याळाच्या तबकडीचा उपयोग करतात. रोगी उताणा, पाय वर घेतलेला असता पुढची बाजू बारा वाजताची आणि पाठीची बाजू सहा वाजताची समजतात. छिद्र मागच्या अर्ध्या भागात असेल, तर मार्ग बहुधा वळण घेऊन मागच्या मध्यरेषेवर उघडतो आणि पुढच्या अर्ध्या भागात असेल, तर बहुधा सरळ आत जातो, असा गुडसॉल यांचा जुना नियम आहे. तो मार्गदर्शक आहे, परंतु अचूक नाही. पुढच्या बाजूचे छिद्र कडेपासून दूर असेल, तर तो अनेकदा चुकतो.

बाह्यरुग्ण विभागात सळई जोराने आत सारणे टाळले पाहिजे. असे केल्याने वेदना तर होतेच, शिवाय नसलेली वाट पडते आणि साधा भगंदर डॉक्टरांच्याच हातून गुंतागुंतीचा होतो. साध्या, उथळ भगंदराला अनेकदा हाताच्या तपासणीखेरीज अधिक काही लागत नाही. शंका असेल किंवा विकार उलटलेला असेल, तेव्हा मात्र एम. आर. आय. तपासणी अतिशय उपयोगी ठरते. तिच्यात स्नायू, मार्ग, त्याचे फाटे आणि दडून बसलेला पू ही सर्व निरनिराळी दिसतात. पूर्वी मार्गात औषध सोडून क्ष-किरण चित्र काढीत. त्यात नळी दिसे, पण स्नायू दिसत नसत आणि खरा प्रश्न तर स्नायूचाच असतो. गुदनलिकेतून केलेली सोनोग्राफी हाही एक चांगला पर्याय आहे.

भगंदर उलटलेला असेल, छिद्रे अनेक असतील किंवा ताप आणि वजनातील घट ही लक्षणे असतील, तर मार्गाचा तुकडा ऊतकपरीक्षेसाठी आणि क्षयजंतूंच्या तपासणीसाठी पाठविलाच पाहिजे. क्षयाचे निदान राहून गेले, तर कितीही कुशल शस्त्रक्रिया केली, तरी जखम भरून येत नाही. दीर्घकाळ जुलाब, पोटदुखी असल्यास दुर्बिणीतून आतड्याची तपासणी करावी लागते.

उपचार : रोग जावा, ताबा राहावा

पहिला टप्पा गळवाचा. गळू झाले असता ते वेळीच फोडून पू काढून टाकणे हाच उपचार होय. नुसत्या प्रतिजैविक गोळ्या घेत राहिल्याने पू आतल्या आत पसरतो. गळू नीट काढल्यानंतरही सुमारे एकतृतीयांश रुग्णांत पुढे भगंदर होतो. म्हणून जखम भरली तरी पुनर्तपासणीस जाणे आवश्यक असते.

साध्या भगंदरात संपूर्ण मार्ग उघडा करून तो तळापासून भरू देण्याची शस्त्रक्रिया उत्तम ठरते. योग्य निवड केली असता दहांपैकी नऊ किंवा त्याहून अधिक रुग्ण तिने बरे होतात. हीच शस्त्रक्रिया गुंतागुंतीच्या भगंदरात केली, तर मार्गासोबत स्नायूही कापला जातो आणि ताबा जाण्याचा धोका उद्भवतो. अशा वेळी रोग्याला हे दोन पक्ष समजावून सांगणे हे शल्यचिकित्सकाचे कर्तव्य आहे. स्नायू वाचविणाऱ्या पद्धतीत विकार उलटण्याचा संभव अधिक, तर स्नायू कापणाऱ्या पद्धतीत ताबा उणावण्याचा धोका अधिक. निवड या दोहोंच्या मधली असते.

गुंतागुंतीच्या भगंदरात बहुधा प्रथम मार्गातून एक सैल दोरा किंवा रबरी धागा ओवून ठेवतात. त्याला सेटन म्हणतात. त्यामुळे पू साठत नाही, दाह ओसरतो आणि मार्ग स्पष्ट होतो. काही आठवड्यांनी पुढचा टप्पा येतो. दोन स्नायूंच्या मधल्या जागेत शिरून मार्ग बांधून तोडण्याची पद्धत थायलंडमधील शल्यचिकित्सक अरुण रोजनसकुल यांनी २००७ साली प्रसिद्ध केली. तिच्यात स्नायू कापावा लागत नाही. आतील छिद्रावर मलाशयाच्या आतील आवरणाचा पडदा ओढून शिवणे, बारीक दुर्बीण मार्गात घालून तो आतून जाळणे, लेसर किरणांनी तो बंद करणे हेही उपाय प्रचारात आहेत. यांतील कोणताही उपाय हमखास नाही. "लेसर" हा शब्द ऐकून भारावून जाण्याऐवजी मार्ग कोणत्या प्रकारचा आहे आणि हा उपाय त्याला का योग्य आहे, असे रोग्याने विचारावे.

क्षयजन्य भगंदरात क्षयाची औषधे पूर्ण मुदतीपर्यंत घेणे हा पाया होय. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाखाली ही औषधे विनामूल्य मिळतात. क्रोनच्या विकारात आतड्यातील दाह औषधांनी आटोक्यात आणल्यावाचून मोठी शस्त्रक्रिया करणे हिताचे नसते.

क्षारसूत्र

भारताने या क्षेत्रात दिलेली देणगी म्हणजे क्षारसूत्र. क्षार लावलेल्या सूत्राचा उल्लेख सुश्रुताने केला आहे. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पद्धतीला शास्त्रशुद्ध रूप देऊन तिचे पुनरुज्जीवन केले. मजबूत दोऱ्यावर स्नुही या थोराच्या जातीच्या वनस्पतीच्या चिकाचे अकरा लेप, नंतर चीक व आघाड्याच्या क्षाराचे सात लेप आणि शेवटी चीक व हळदीचे तीन लेप असे एकवीस लेप देऊन हे सूत्र सिद्ध करतात. ते मार्गातून ओवून बांधतात आणि आठवड्याने बदलतात. मार्ग हळूहळू कापला जातो आणि मागून भरत येतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत ५०२ रुग्णांवर केलेल्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. क्षारसूत्राने बरे होण्यास सुमारे आठ आठवडे, तर शस्त्रक्रियेने सुमारे चार आठवडे लागले. परंतु विकार उलटण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के आणि शस्त्रक्रियेत ११ टक्के आढळले. अर्थात क्षारसूत्रही स्नायू कापतेच. फरक इतकाच की, ते सावकाश कापते. म्हणून उंचावरील मार्गात तेही प्रशिक्षित हातांनीच आणि नकाशा पाहूनच वापरले पाहिजे. फलकावर क्षारसूत्राचे नाव लिहून कसलाही दोरा बांधणाऱ्यांपासून दूर राहावे.

नोंद आणि संकेतांक

शस्त्रक्रिया संपली म्हणजे काम संपले, असा समज पुष्कळदा असतो. वस्तुतः पुढच्या उपचाराची दिशा रोग्याच्या हाती दिलेल्या डिस्चार्ज कार्डावर अवलंबून असते. "भगंदर. शस्त्रक्रिया केली." एवढाच मजकूर त्यावर असेल, तर तीन वर्षांनी दुसऱ्या गावी दुसऱ्या डॉक्टरांपुढे बसलेल्या त्याच रोग्याचा नकाशा पुन्हा पहिल्यापासून काढावा लागतो.

चांगली नोंद अशी असावी : "गुंतागुंतीचा भगंदर, पूर्वी बरा होऊन पुन्हा उद्भवलेला. बाह्य छिद्र सात वाजता, कडेपासून चार सेंटिमीटर. आतील छिद्र सहा वाजता, दंतुर रेषेवर. मार्ग बाह्य परिसंकोची स्नायूच्या वरच्या अर्ध्या भागातून. डाव्या बाजूस नालाकृती फाटा. पूर्वीची शस्त्रक्रिया एक. मलावरील ताबा पूर्ण. ऊतकपरीक्षेत क्षयाचा पुरावा नाही. सैल दोरा बसविला, पुढील टप्पा आठ आठवड्यांनी." एवढ्या ओळी लिहिण्यास पाच मिनिटे लागतात. त्या रोग्याची एक अनावश्यक शस्त्रक्रिया वाचवू शकतात.

या मजकुरावरूनच रुग्णालयाचा अभिलेख विभाग रोगाला संकेतांक देतो. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची दहावी आवृत्ती आपल्याकडील रुग्णालयांत प्रचलित आहे. तिच्यात गुदाचा भगंदर के ६०.३, मलाशयाचा के ६०.४ आणि गुद व मलाशय या दोहोंचा के ६०.५ असा येतो. सोबत गळू असेल, तर नोंद के ६१ या गटात जाते. मलाशय आणि योनी यांना जोडणारा मार्ग एन ८२ या गटात, जन्मजात भगंदर क्यू ४३.६ येथे, तर आतड्याचा क्षय ए १८.३ येथे नोंदवितात. शब्द एकच, "भगंदर". परंतु त्याची घरे किती भिन्न आहेत, हे यावरून ध्यानात येईल.

या आवृत्तीची एक उणीव अशी की, के ६०.३ या संकेतांकावरून भगंदर साधा की गुंतागुंतीचा, हे कळत नाही. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या सुधारित आवृत्तीत १ ऑक्टोबर २०२४ पासून ही उणीव दूर करण्यात आली. तेथे साधा आणि गुंतागुंतीचा असे भेद करून प्रत्येकाचे प्रथम उद्भवलेला, न भरता चालू राहिलेला आणि भरून पुन्हा उद्भवलेला असे पोटभेद केले आहेत. वरील उदाहरणातील रोग्याला तेथे के ६०.३२३ हा संकेतांक मिळेल. "चालू राहिलेला" आणि "पुन्हा उद्भवलेला" यांतील भेद वरवर बारीक वाटतो. पहिल्यात मूळ छिद्र कधी बंदच झाले नाही, असा अर्थ होतो. दुसऱ्यात ते बंद होऊन पुन्हा उघडले. आपल्याकडील डॉक्टरांना संकेतांकाची सक्ती नसली, तरी हे शब्द केसपेपरवर लिहिण्यास कोणतीही आडकाठी नाही.

आयुर्वेदीय निदानालाही आता आंतरराष्ट्रीय चौकट लाभली आहे. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी वैद्यकातील विकारांच्या संज्ञांना वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत स्थान देणारा विभाग १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्ली येथे प्रसिद्ध झाला.

संकेतांकाचा संबंध रोग्याच्या खिशाशीही येतो. अनेक आरोग्यविमा करारांत मूळव्याध, गुदाची चीर आणि भगंदर यांच्या उपचारासाठी पहिल्या दोन वर्षांची प्रतीक्षा-मुदत असते. निदान मोघम लिहिले, जुना विकार नवा म्हणून नोंदविला किंवा टप्प्याटप्प्याने केलेल्या शस्त्रक्रियांची संगती कागदावर लागली नाही, तर दावा अडतो. उलट, रक्कम मिळावी म्हणून साध्याला गुंतागुंतीचा लिहिणे हा अपराध तर आहेच, शिवाय पुढच्या डॉक्टरांची दिशाभूल करणारेही आहे. शासनाला कोणत्या जिल्ह्यात कोणत्या सोयी हव्यात, हे ठरविण्यासाठी जे आकडे लागतात, तेही याच नोंदींतून येतात.

रोग्याने काय करावे?

गुदाजवळ गळू आले किंवा पू येऊ लागला, तर संकोच न बाळगता प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा शल्यचिकित्सकाकडे जावे. मधुमेह असल्यास आणि सोबत ताप असल्यास तर एक दिवसही दवडू नये. शस्त्रक्रियेपूर्वी वायू, पातळ मल किंवा घट्ट मल यांवर ताबा पूर्ण आहे की नाही, हे डॉक्टरांना खरे सांगावे. शस्त्रक्रियेनंतर कोमट पाण्यात बसणे, जखम स्वच्छ ठेवणे, पालेभाज्या, डाळी, फळे आणि भरपूर पाणी घेऊन शौचास मऊ होईल असे पाहणे आणि ठरलेल्या दिवशी तपासणीस जाणे, ही पथ्ये शस्त्रक्रियेइतकीच मोलाची आहेत. जुने कागद, एम. आर. आय.ची चित्रे आणि डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत जपून ठेवावीत आणि प्रत्येक वेळी सोबत न्यावीत.

भगंदर हा लाजेचा विषय नाही. तो एका सूक्ष्म ग्रंथीच्या संसर्गातून सुरू होणारा, वेळीच ओळखल्यास बरा होणारा विकार आहे. पहिली शस्त्रक्रिया हीच बरे होण्याची सर्वांत चांगली संधी असते. ती संधी अंधारात चाचपडत वाया जाऊ न देणे हे डॉक्टर, अभिलेखपाल आणि रोगी या तिघांचेही काम आहे.